उभ्या इंजिनाचा जमाखर्च

आगगाडीच्या इतिहासाचे जे ग्रंथ आपल्या वाचनात येतात, त्यांची बहुतेक पृष्ठे वेगवान प्रवासी गाड्यांनी, उंच पुलांनी आणि डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यांनी व्यापलेली असतात. परंतु पोलादाचे कारखाने, कोळशाच्या खाणी, बंदरांचे धक्के आणि दारूगोळ्याची कोठारे यांच्या कुंपणाआड जी दुसरी एक रेल्वे शतकाहून अधिक काळ अहोरात्र राबत आली, जिचे वेळापत्रक कोठे छापले गेले नाही आणि जिच्यात तिकीट काढून कोणी बसले नाही, तिची दखल त्या ग्रंथांच्या परिशिष्टांतही क्वचितच घेतलेली आढळते. या रेल्वेवरील इंजिनाचे काम सांगावयास सोपे आहे. भरलेल्या वाघिणी भट्टीपाशी न्यावयाच्या, रिकाम्या परत आणावयाच्या, सांधे बदलतील तसतशी त्यांची जुळवाजुळव करावयाची, आणि पुढचा इशारा मिळेपर्यंत उभे राहावयाचे. यांतील शेवटचे काम सर्वांत क्षुल्लक वाटते. पण दिवसाच्या चोवीस तासांतील फार मोठा हिस्सा त्याच्याच वाट्याला जातो, आणि जड डिझेल शंटिंग इंजिनाची कथा या उभे राहण्यापासूनच सुरू होते.

वाफेचे इंजिन उभे असले तरी खातच असते. सकाळच्या पाळीला ते कामावर हजर व्हावे म्हणून कोणाला तरी मध्यरात्रीनंतर उठून त्याची भट्टी पेटवावी लागे. पाणी तापून दाब चढेपर्यंत दोनतीन तास जात. दिवसभरात ठरावीक वेळी त्याला पाण्याच्या टाकीकडे आणि कोळशाच्या ढिगाकडे न्यावे लागे. संध्याकाळी राख ओढून काढणे, दर काही दिवसांनी सगळे थंड करून बॉयलर धुणे, नळ्या साफ करणे हे व्याप निराळेच. एक माणूस ते हाकावयास आणि दुसरा त्याला कोळसा घालावयास असे दोन पगार त्याच्यामागे कायमचे तैनात असत. मुख्य मार्गावर शेकडो मैल धावणाऱ्या गाडीच्या हिशेबात हा खर्चवेच पचून जाई, कारण तेथे इंजिन धावते तितका वेळ कमावतेही. कारखान्याच्या साइडिंगवर मात्र तासभर उभे राहून दहा मिनिटे चालणाऱ्या इंजिनाच्या जमाखर्चात तो डोळ्यांत सलण्याइतका उघडा पडे.

तरीही कारखानदार घाई करीत नव्हते, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येत नाही. कोळशाच्या खाणीत इंजिनाला घालावयाचा कोळसा घरचाच असे, आणि तोही बहुधा बाजारात खपणार नाही असा; पोलादाच्या कारखान्यात वाफ जाणणारे कारागीर आणि बॉयलर दुरुस्त करणारे लोहार मुबलक असत. जेथे ठिणगीचे भय होते, म्हणजे कागदाच्या गिरण्या, तेलाचे कारखाने, दारूगोळ्याची आगारे, तेथे भट्टी नसलेले इंजिन नावाचा एक चतुर प्रकार निघाला होता: कारखान्याच्या स्थिर बॉयलरमधून त्याच्या टाकीत दाबाखालचे उकळते पाणी आणि वाफ भरून घ्यावयाची, आणि ती शिदोरी संपेपर्यंत शंटिंग करावयाचे. या इंजिनाची योग्यता इतिहासलेखकांनी पुरेशी ओळखलेली नाही असे मला वाटते. काही कारखान्यांत ते डिझेलच्या मागूनही टिकून राहिले.

तेलावर चालणाऱ्या इंजिनाचा पहिला प्रवेश अशाच एका ठिणगीला भिणाऱ्या ठिकाणी झाला. लंडननजीक वुलिच येथे ब्रिटिश सरकारचे शस्त्रागार होते, आणि त्याच्या आवारात अठरा इंच रुंदीच्या रुळांचे जाळे पसरलेले होते. ग्रँथम गावच्या हॉर्न्सबी कंपनीने १८९६ साली या रेल्वेसाठी ‘लॅकेसिस’ नावाचे एक छोटेसे इंजिन बांधून दिले. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्युअर्ट याच्या पेटंटातले तेल-एंजिन त्यात बसविलेले होते आणि त्याची ताकद अवघी साडेनऊ अश्वशक्तीची होती. शास्त्रशुद्ध अर्थाने ते डिझेल नव्हे, कारण त्यात तेल पेटत असे ते तापविलेल्या कोठडीच्या स्पर्शाने. नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटवावयाची रूडॉल्फ डिझेलची कल्पना ऑग्सबर्गच्या कारखान्यात सिद्ध झाली ती पुढच्या वर्षी, १८९७ मध्ये. त्या वर्षीच्या चाचणीत डिझेलच्या यंत्राने इंधनातील उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा कामास लावून दाखविला. वाफेचे आगगाडीचे इंजिन त्या काळी दहावा हिस्साही क्वचितच लावीत असे. हे अंक पाहून कोणासही वाटावे की आता पाचदहा वर्षांत वाफेचा अंमल संपणार. प्रत्यक्षात ‘लॅकेसिस’नंतर जड कामाचे शंटिंग डिझेल इंजिन विश्वासाने वापरता येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

विलंबाचे कारण यंत्राच्या स्वभावातच होते. वाफेच्या इंजिनाचे सर्वांत मोठे बळ ते स्थिर असताना प्रकट होते. अडलेल्या बैलगाडीला खांदा देणारा गडी जसा पाऊल न हलवता सगळा जोर लावू शकतो, तशी बॉयलरमधील वाफ दट्ट्यावर दाबत राहते, आणि चाक फिरो वा न फिरो, दाब कमी होत नाही. डिझेल यंत्राला हे साधत नाही. ते फिरत असले तरच त्यात बळ असते. थांबले की ते निव्वळ एक लोखंडाचा ठोकळा, आणि विशिष्ट गतीच्या खाली आले की गुदमरून बंद पडणारे. पंधरा भरलेल्या वाघिणी उभ्या जागेवरून हलविण्याच्या क्षणी जेव्हा सर्वांत जास्त ओढ हवी, नेमक्या त्याच क्षणी हे यंत्र देण्यास असमर्थ. खुद्द डिझेलने हा पेच समोरून भिडून सोडविण्याचा प्रयत्न केला. स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथील सुल्झर बंधूंच्या आणि बर्लिनच्या बोर्झिग कंपनीच्या साहाय्याने सुमारे हजार अश्वशक्तीचे एक प्रचंड डिझेल इंजिन १९१२ साली रुळांवर आले, आणि त्यात यंत्र आणि चाके यांच्यामध्ये काहीही न ठेवता सरळ जोडणी केलेली होती. गाडी सुटताना साठविलेल्या दाबाच्या हवेने ती ढकलावयाची आणि पुरेसा वेग आला की तेल सोडावयाचे, अशी तजवीज होती. प्रशियाच्या रेल्वेवर त्याच्या चाचण्या झाल्या, बिघाडांमागून बिघाड झाले, आणि महायुद्धाच्या सुमारास ते अडगळीत गेले. खुद्द डिझेल त्यापूर्वीच, १९१३ च्या सप्टेंबरात, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला होता.

त्या अपयशातून अभियंत्यांनी धडा घेतला तो असा की तेलाचे यंत्र उत्तम बनविणे हे अर्धेच काम आहे. त्याचे बळ चाकांपर्यंत कोणत्या वाटेने न्यावयाचे, हा प्रश्न तितकाच मोठा. आणि पुढील वीस वर्षे जी खटपट झाली ती या वाटेचीच.

पहिली वाट दातेरी चक्रांची. महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांपर्यंत तोफगोळे नेण्यासाठी ब्रिटिश सैन्याने दोन फूट रुंदीचे हलके रूळ टाकले होते, आणि त्यांवर बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची ‘सिम्प्लेक्स’ नावाची पेट्रोलची इंजिने मोठ्या संख्येने धावत होती. धूर नाही म्हणून शत्रूच्या तोफांना त्यांचा ठाव लागत नसे. युद्ध संपल्यावर हा माल स्वस्तात विकावयास निघाला, आणि विटांच्या भट्ट्या, दगडाच्या खाणी व वाळूचे खड्डे यांच्या मालकांनी तो उचलला. लहान उद्योगांची तेलाच्या इंजिनाशी ओळख झाली ती अशी. परंतु वीस-चाळीस अश्वशक्तीला जे साधते ते दोनशेला साधत नाही. चक्रे बदलताना ओढ क्षणभर तुटते, मग एकदम बसते. हलक्या डब्यांना तो हिसका मानवतो, चारपाचशे टनांच्या रांगेत त्याने साखळ्या तुटतात, आणि गाडी सुटताना जोडचकतीवर सगळा भार घासून ती जळते.

दुसरी वाट विजेची, आणि ती प्रथम नीट आखली अमेरिकेने. येथे हर्मन लेम्प याचे नाव घेतले पाहिजे. तेलाच्या यंत्राने जनित्र फिरवावयाचे आणि जनित्राच्या विजेवर चाकांच्या मोटारी चालवावयाच्या, ही कल्पना त्याच्या आधीही होती. पण यंत्राची गती आणि जनित्राचा भार या दोहोंचा मेळ चालकाने हाताने घालावा, अशी अपेक्षा ठेवल्यामुळे ती सदैव फसत असे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या लेम्पने हा मेळ आपोआप राखणारी आणि चालकाच्या हाती एकच दांडा देणारी योजना रचली. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने १९२३ साली कॉफमन कायदा करून नगरातून वाफेच्या इंजिनांना हद्दपार केले, आणि बंदरकाठची लहान लहान यार्डे चालविणाऱ्या रेल्वे कंपन्या पेचात सापडल्या. एवढ्याशा यार्डावर विजेच्या तारा टाकणे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा इंगरसॉल-रँडचे तेलयंत्र, जनरल इलेक्ट्रिकची विद्युत्सामग्री आणि अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा गाडा यांतून तयार झालेले साठ टनांचे आणि तीनशे अश्वशक्तीचे पेटीसारखे चौकोनी इंजिन १९२५ साली न्यू जर्सी सेंट्रल रेल्वेने विकत घेऊन ब्राँक्समधील आपल्या मालधक्क्यावर ठेवले. त्याचा क्रमांक १०००. दिसावयास कुरूप आणि चालीला मंद अशा त्या इंजिनाने तीस वर्षांहून अधिक काळ, १९५७ पर्यंत, तेथेच चाकरी केली. सध्या ते बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे. सरकारी हुकुमाने एखाद्या यंत्राचे भाग्य उघडावे, असे प्रसंग यंत्रांच्या इतिहासात वाटतात तितके दुर्मीळ नाहीत.

अमेरिकेतील आणखी एक मासला सांगण्याजोगा आहे. चालकाबरोबर फायरमन असलाच पाहिजे, हा संघटित कामगारांचा आग्रह तेथील रेल्वे कंपन्यांना १९३७ च्या करारात बव्हंशी मान्य करावा लागला. पण त्यातून एक पळवाट राहिली, ती ही की चाकांवरील भार नव्वद हजार पौंडांपेक्षा कमी असेल त्या इंजिनावर एक माणूस चालेल. जनरल इलेक्ट्रिकने १९४० पासून चव्वेचाळीस टनांचे, म्हणजे अमेरिकन टनाच्या हिशेबाने अठ्ठ्याऐंशी हजार पौंडांचे, शंटिंग इंजिन बाजारात आणले ते नेमके हे कलम वाचून. तीनशेहून अधिक इंजिने खपली. त्या इंजिनाचे वजन लोखंडाच्या बळावरून नव्हे, तर कराराच्या कागदावरून ठरले होते.

तिसरी वाट द्रवाची, आणि तिचा उगम समुद्रावर आहे. श्टेटिनच्या फुल्कान जहाजबांधणी कारखान्यातील हर्मान फ्योटिंगर या अभियंत्यापुढे प्रश्न होता तो वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनचे बळ हळू फिरणाऱ्या पंख्यास कसे द्यावे हा, आणि त्याने १९०५ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात एक चक्र द्रव फेकते, दुसरे त्या द्रवाच्या झोताने फिरते, आणि मध्ये बसविलेली स्थिर पाती झोताची दिशा अशी वळवतात की गती घटेल तसतशी ओढ वाढत जावी. जहाजांना पुढे दातेरी चक्रेच सोयीची पडली. परंतु फिरते चक्र आणि थांबलेले चक्र यांच्यामध्ये घासणारे काहीच नाही, हा गुण आगगाडीला अमोल होता. हायडेनहाइमच्या फॉइट कंपनीने तो हेरून रेल्वेसाठी द्रवप्रेषणाची यंत्रे बनविली, आणि जर्मन सैन्याने आपल्या दारूगोळ्याच्या कोठारांसाठी तीन जोडधुऱ्यांचे, ३६० अश्वशक्तीचे एक ठरावीक नमुन्याचे शंटिंग इंजिन निवडले तेव्हा त्यात हेच प्रेषण होते. धूर नसल्याने विमानातून दिसत नाही आणि ठिणगी नसल्याने कोठारात चालते, हा वुलिचचाच हिशेब चाळीस वर्षांनी चाळीसपट अश्वशक्तीने पुन्हा मांडला गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ही इंजिने जर्मनीच्या नागरी रेल्वेने घेतली, आणि कील येथे १९४८ साली उभ्या राहिलेल्या माक कंपनीने याच परंपरेतून आडव्या दांड्यांनी जोडलेल्या चाकांची कारखान्यांसाठीची इंजिने बांधावयास घेतली. या कंपनीचे नाव पुढे आपल्या देशाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

इंग्लंडमध्ये या तिन्ही वाटा एकाच वेळी चोखाळल्या जात होत्या. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने एका जुन्या वाफेच्या इंजिनाची चौकट घेऊन तिच्यावर डिझेल यंत्र आणि द्रवप्रेषण बसवून पाहिले. ते अयशस्वी ठरले. लीड्सच्या हन्सलेट कंपनीने १९३२ साली दीडशे अश्वशक्तीचे, दातेरी चक्रांचे इंजिन बांधले ते मात्र चालले, आणि त्याच रेल्वेने ते विकत घेतले. या इंजिनाच्या नशिबी पुढे एक विलक्षण मान होता. लीड्समधील मिडलटन रेल्वे, जिला ब्रिटिश पार्लमेंटने १७५८ साली स्वतंत्र कायद्याने मान्यता दिली होती, ती कोळशाची वाट १९६० साली स्वयंसेवकांनी चालवावयास घेतली, आणि इतिहासप्रेमींनी जतन केलेल्या प्रमाण रुंदीच्या रेल्वेवरील त्या पहिल्या प्रवासी गाडीला ओढणारे इंजिन हेच होते. धुराच्या ओढीने निघालेल्या चळवळीचा प्रारंभ डिझेलने व्हावा, यातील विनोद त्या मंडळींच्याही ध्यानात आला असेल.

अखेर रेल्वेने कौल दिला तो विजेच्या वाटेला. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे साडेतीनशे अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरांचे यंत्र आणि सहा जोडचाके हा नमुना १९३० नंतरच्या दशकात मुरला, युद्धात सैन्याबरोबर परदेशी गेला, आणि राष्ट्रीयीकरणानंतर १९५२ ते १९६२ या काळात त्याच्या थोड्या सुधारलेल्या आवृत्तीची ९९६ इंजिने ब्रिटिश रेल्वेच्या कारखान्यांतून बाहेर पडली. साडेतीनशे अश्वशक्ती हा आकडा ऐकून वाचकास हसू येईल, कारण रस्त्यावरच्या मालमोटारीतही आज तितकी असते. परंतु सुमारे पन्नास टनांचे हे इंजिन गाडी सुटताना पस्तीस हजार पौंडांची ओढ लावू शके, आणि शंटिंगला त्याहून निराळे काही नको असते. पंधरा-वीस मैलांहून अधिक वेगाने धावावयाची त्याला मुभाही नव्हती. एकदा तेल भरले की कित्येक दिवस त्याच्याकडे पाहावे लागत नसे. उभे राहिल्यावर ते थोडेसे तेल जाळी, आणि फार वेळ उभे राहावयाचे असेल तर कळ दाबून बंद करता येई. वाफेच्या इंजिनावरील विजय तो हा होता, आणि तो वेगाच्या कोणत्याही कोष्टकात दिसत नाही.

खासगी कारखान्यांचा मामला निराळा होता. त्यांना हजार इंजिने नको होती; त्यांना पाच किंवा दहा हवी होती, तीही आपल्या वळणांत मावतील अशी, आणि आपल्या फोरमनला उमजतील अशी. रेल्वेहून त्यांची दृष्टी अधिक कंजूष आणि म्हणून अधिक चोख असे. हन्सलेट कंपनी एकीकडे डिझेल विकत असतानाच तिने १९४३ पासून युद्धासाठी बांधलेले खोगिरी टाकीचे वाफेचे इंजिन नॅशनल कोल बोर्ड थेट १९६४ पर्यंत नवे घेत राहिले. घरच्या कोळशाचा युक्तिवाद इतका चिवट होता. मग हळूहळू पारडे झुकले. लंडनच्या १९५२ च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. बॉयलरची कामे जाणणारी जुनी माणसे निवृत्त झाली, आणि पहाटे दोनला उठून भट्टी पेटवावयास तरुण मिळेनासे झाले. यांतील तिसरे कारण हिशेबाच्या वह्यांत कोठेच नाही, परंतु मला ते पहिल्या दोहोंइतकेच वजनदार वाटते.

या काळातील दोन कारखान्यांची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. श्रूसबरीची सेंटिनेल कंपनी उभ्या बॉयलरची आणि साखळीने चाके फिरविणारी वाफेची शंटिंग इंजिने बनवीत असे. रोल्स-रॉइसने ती १९५६ च्या सुमारास ताब्यात घेतली, आणि तीन वर्षांत तेथून डिझेल इंजिने निघू लागली. त्यांत यंत्र रोल्स-रॉइसचे, प्रेषण द्रवाचे, पण चौकट आणि साखळी बहुतांशी जुनी. गिऱ्हाइकाला परिचित वाटावे आणि कारखान्यातील साचे फुकट जाऊ नयेत, हे दोन्ही हेतू त्यात साधले. यॉर्कशरमधील थॉमस हिल या विक्रेत्या कंपनीने तर जुनी वाफेची सेंटिनेल घेऊन त्यांच्या पोटातला बॉयलर काढून डिझेल बसविण्याचा उद्योगही केला. सेंटिनेलच्या इंजिनात चालकाची खोली एका टोकास, ऐसपैस आणि चोहोबाजूंनी काचेची असे. जोडणी करणाऱ्या माणसाला इंजिनाच्या कोपऱ्यावर नीट उभे राहावयास जागा असे. शंटिंगमध्ये हातपाय गमावणाऱ्यांची संख्या ज्याने पाहिली आहे त्याला या पायरीचे मोल अश्वशक्तीहून अधिक वाटेल.

दुसरी शेफील्डजवळ मेडोहॉल येथील यॉर्कशर एंजिन कंपनी. ती १८६५ पासूनची. पण १९४५ साली युनायटेड स्टील या पोलाद कंपनीने ती विकत घेतली, आणि त्यामुळे इंजिन बांधणारा व इंजिन वापरणारा एकाच घरचे झाले. या शेजारातून जे ‘जेनस’ नावाचे इंजिन निघाले ते माझ्या मते औद्योगिक शंटिंग इंजिनाचा सर्वांत विचारपूर्वक घडविलेला नमुना होय. दोन तोंडांच्या रोमन देवतेचे नाव त्याला दिले ते सार्थ होते: मध्यभागी चालकाची खोली, तिच्या दोन्ही बाजूंस एकेक दोनशे अश्वशक्तीचे रोल्स-रॉइस यंत्र, प्रत्येकाचे स्वतंत्र जनित्र, एकूण अठ्ठेचाळीस टन वजन आणि सहा चाके. एक यंत्र बिघडले तर दुसऱ्यावर हळूहळू काम चालू राही. वितळलेल्या लोखंडाने भरलेले पात्र अर्ध्या वाटेवर अडकून पडले तर रस आत गोठतो आणि पात्रच निकामी होते. अशा ठिकाणी अर्धे बळ शिल्लक असणे हा चैनीचा भाग नव्हे. लिंकनशरमधील स्कन्थॉर्पच्या अ‍ॅपलबी-फ्रॉडिंगहॅम कारखान्यात चार झोतभट्ट्या होत्या आणि त्यांना राण्यांची नावे होती, मेरी, बेस, अ‍ॅन आणि व्हिक्टोरिया. या चार राण्यांचा तप्त रस पोलादाच्या भट्ट्यांपर्यंत नेण्याचे काम जेनस इंजिनांकडे आले. शंटिंग इंजिनाची परीक्षा हिसका न देता सुटण्यात आहे, ही गोष्ट तेथे कोणास समजावून द्यावी लागत नसे, कारण हिसका बसला तर पात्राच्या काठावरून काय सांडेल हे प्रत्येकास दिसत होते. यॉर्कशर एंजिन कंपनी १९६५ साली बंद झाली आणि तिचा धंदा सेंटिनेलकडे गेला. तिची इंजिने मात्र एकविसाव्या शतकातही त्याच आवारात दिसत होती.

फायरमनांचे काय झाले, हे या कंपन्यांच्या सचित्र पुस्तिकांत नाही. एक इंजिन आले की एक पगार वाचतो, हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी असे. तो वाचलेला पगार कोणाच्या घरचा होता, हे सांगण्याचा रिवाज त्या दफ्तरात नव्हता.

आता मोठ्या रेल्वेच्या एका फजितीकडे वळू. ब्रिटिश रेल्वेच्या पश्चिम विभागास फाट्यांवरील मालवाहतूक आणि यार्डातील शंटिंग अशी दोन्ही कामे करणारे एक मध्यम इंजिन हवे होते, म्हणून स्विंडनच्या कारखान्यात १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत ५६ इंजिने बांधण्यात आली: साडेसहाशे अश्वशक्ती, पॅक्समन यंत्र, फॉइट द्रवप्रेषण, पन्नास टन वजन. इंजिने उत्तम होती. पण ज्या फाट्यांसाठी ती बांधली ते फाटे डॉ. बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालामुळे बंद होत होते, आणि उरलेला माल रस्त्याने जाऊ लागला होता. कारखान्याच्या एका दारातून नवी इंजिने बाहेर पडत असताना त्यांचे काम दुसऱ्या दाराने नाहीसे होत होते. चारपाच वर्षांच्या आत, १९६९ मध्ये, यांतील अखेरची इंजिने रेल्वेने मोडीत काढली. ती भंगारात गेली असती; परंतु कोळसा मंडळ आणि कॉर्बी येथील लोखंडाच्या दगडखाणी चालविणारी पोलाद कंपनी यांनी ती ओळखली. ५६ पैकी ४८ इंजिने उद्योगांनी घेतली. कोऱ्या मालाच्या किमतीच्या अल्पशा अंशात, जवळजवळ नवी, आणि आपल्या चढणीवर बाष्पइंजिनांच्या जोडीचे काम एकटी करणारी इंजिने त्यांना मिळाली. नॉर्थम्बरलंडच्या खाणींत ती १९८० नंतरही राबत होती, आणि कॉर्बीत पोलाद ओतणे १९८० साली बंद होईपर्यंत. योजनाकारांच्या मोठ्या दफ्तराने जे वाया घालविले ते खाणीच्या लहान कचेरीने सावडून घेतले.

आपल्या देशातील डिझेल इंजिनाच्या हकीकतीचे आरंभीचे पान शंटिंगचेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकची काही शंटिंग इंजिने त्या वेळच्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेवर आली. पुढे मध्य रेल्वेने क्राउस-मफाय या जर्मन कंपनीची इंजिने मागविली आणि ती कुर्ल्याच्या शेडमध्ये ठेवली. परंतु आयात केलेल्या पाचपंधरा इंजिनांनी भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर यांसारख्या कारखान्यांची गरज भागणार नव्हती. तेव्हा चित्तरंजनच्या कारखान्यात, जेथे १९५० पासून वाफेची इंजिने बनत होती, १९६७-६८ पासून सहाशे-सातशे अश्वशक्तीची द्रवप्रेषणाची डिझेल शंटिंग इंजिने बांधण्यास प्रारंभ झाला. यंत्र होते कीलच्या माक कंपनीच्या नमुन्याचे. प्रेषणाच्या बाबतीत मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने आपले स्वतःचे डोके चालविले होते: गाडी सुटताना द्रवाचे परिवर्तक, आणि वेग आला की द्रवातील नुकसान टाळण्यासाठी थेट यांत्रिक जोड. त्या प्रेषणाला सुरी यांचे नाव मिळाले, आणि अभियांत्रिकीतील भटनागर पारितोषिक १९६२ साली त्यांना देण्यात आले. डिझेलने १९१२ मध्ये ज्या प्रश्नापुढे हात टेकले त्याच प्रश्नावर हे उत्तर होते.

चित्तरंजनमध्ये चारपाच वर्षे वाफेची आणि डिझेलची इंजिने एकाच छपराखाली बनत होती. शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ साली बाहेर पडले. तोवर तेथे २३५१ वाफेची इंजिने तयार झाली होती. डिझेलची संख्या १९९३-९४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ८४२ वर गेली, आणि त्यांतील कित्येक रेल्वेच्या यार्डांत न जाता थेट पोलादाच्या कारखान्यांत, बंदरांत आणि खाणींत गेली. फॉइट पद्धतीची प्रेषणे पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने देशातच बनविली. वाराणसीच्या कारखान्याची विद्युत्प्रेषणाची, तेराशे-चौदाशे अश्वशक्तीची इंजिने आली तेव्हा जड शंटिंगचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला, आणि औष्णिक वीजकेंद्रांच्या आवारात कोळशाच्या वाघिणी ओढण्याचे काम डिझेल इंजिनांवर पडले.